तपासणीचं पाणी

१९८६ साली न्यू जर्सीतल्या एका पाणी-तपासणी प्रयोगशाळेच्या रांगेत भूगर्भशास्त्रज्ञ श्रीरामरावांच्या पुढे एक पोक्त मराठी जोडपं उभं होतं.

"सुलेखा, बाटली काठोकाठ भरलीस ना? बुडबुडा राहिला, तर रेडॉन त्यात निसटतो," गृहस्थ बायकोला म्हणाले.

"भरली हो. रिपोर्ट क्लीन आल्याशिवाय उत्तरा बाळाला घेऊन माहेरी येणार नाही, ठाऊक आहे मला."

"घराखालच्या ग्रॅनाइटमध्ये युरेनियम आहे. त्यातून शेवटी रेडॉन हा किरणोत्सारी वायू होतो, भेगांतल्या पाण्यात विरघळतो आणि आपल्या विहिरीत उतरतो."

"म्हणूनच तर चांगलं उकळून, गाळून भरलं. लॅबला का कच्चं पाणी द्यायचं?"

"उकळलंस? अगं, मग सगळा रेडॉन वाफेबरोबर गेला की!"

"गेला कुठे? उकळी फुटल्याबरोबर पातेल्यावर टॉवेल ओढून वाफारा घ्यायला तुम्हीच बसला होतात."

श्रीरामरावांनी चष्मा काढला आणि स्वच्छच असलेल्या काचा सावकाश पुसल्या.

"सर्दी मात्र पार गेली हं," पुढचे गृहस्थ म्हणाले.

"उत्तराला फोन करून तेवढंच सांगा. बघू, बाळाला आणते का!"