घरामागील भिंतीचे संगणकाने वर्तविलेले भविष्य

सुज्ञ वाचकहो, दंतवैद्यांच्या प्रतीक्षागृहात एक गवंडी पिता व त्याची अभियंता कन्या यांच्यात झालेला जो संवाद माझ्या कर्णी पडला, तो येथे यथातथ्य सादर करीत आहे.

“बाबा, घरामागची माती अडवणारी भिंत मी काँप्युटरवर उभी केली.”

“मला कधी वीटभर मदत नाही केलीस, आणि तिथे अख्खी भिंत?”

“ऐका तरी. पाणी निघायची भोकं दाखवली, तर ती हलत नाही. भोकं काढून टाकली, की ओल्या मातीसकट आईच्या खोलीवर कोसळते.”

“मग झालं तर!”

“काय झालं? काल खरी भिंत बघितली, तिला भोकंच नाहीत!”

“होती गं. तुझ्या लग्नात बुजवली. फोटोत वाईट दिसली असती.”

“माझ्या फोटोसाठी?”

“चल, ऊठ. आत्ताच फोडतो.”

“बसा! दात काढायचाय. पळायला बरी भिंत सापडली!”

“दात माझ्या एकट्याचा आहे. भिंतीखाली ती झोपते.”

कन्येने पित्याची पिशवी उचलली व दोघे निघून गेले. त्यांच्या जागी मला आत पाचारण करण्यात आले. माझा दात काही वाचला नाही.

वाचनाचे कष्ट घेतल्याबद्दल आपला ऋणी,
शिंपीमामा