सिमेंटवरची मोहरी

थांबवा हो पेटी जरा! टाळकरी, टाळ मांडीवर ठेवा. नामाचा गजर झाला, गळे तापले, आता आख्यानाला बसू. पुढं सरका, पुढं सरका — मागं खांबाला टेकलेत ते कीर्तनाला आलेत की झोपेला, ते त्यांनाच ठाऊक!

मंडळी, ऐका. आधी एक प्रश्न विचारतो. लेकरावर माया करावी — खरं की नाही? खरं! लेकराला मदत करावी — खरं की नाही? खरं! मग मदत करता करता त्याचं कामच आपण काढून घेतलं — तर ती माया म्हणायची, की चोरी? ... बघा, आता सगळे गप्प! मघाशी 'खरं' म्हणताना कसा आवाज लागला होता!

बरं, सोपं करतो. इथं असे आईबाप किती, ज्यांनी पोराचं चित्र स्वतः रंगवलं, शाळेचा तक्ता स्वतः चिकटवला, आणि खाली नाव पोराचं घातलं? करा हात वर! — एकही हात नाही. पण माना किती खाली गेल्या बघा! ती समोरची माउली तर पदराआड हसतेय. हसा, माउली. गोष्ट तुमच्याच घरातली आहे, गाव फक्त दुसरं.

गावाचं नाव शेंदूरमाळ. तिथं एक गवंडी होता, सर्जेराव मिस्त्री. हात असा, की भिंत उभी केली तर सुतात! भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा सोडावा, दोरी हलायची नाही. पंचक्रोशीत घर बांधायचं म्हटलं की पहिला निरोप सर्जेरावाला. त्याची बायको मंदा, आणि एकुलती एक लेक शर्वरी. घरात शरू म्हणायचे. चौथीत होती. बोलायला पोपट, पण बापाशी बोलायची संधी कधी? बाप पहाटे कामावर जायचा, दिवेलागणीला यायचा, जेवायचा आणि आडवा व्हायचा. पोरगी शेजारी बसून शाळेतलं सांगायची, हा 'हं, हं' करायचा, आणि तिसऱ्या 'हं'ला घोरायला लागायचा!

गावच्या शाळेत लोखंडे बाई होत्या. मोठी हुशार बाई! त्यांचं दुःख एकच — पालकसभेला पालक येत नाहीत. बोलावलं की चार आया यायच्या आणि एक आजोबा. आजोबाही सभेला नाही, पंख्याखाली बसायला! बाईंनी काय करावं? दिवाळीच्या सुट्टीआधी जाहीर केलं — यंदा किल्ल्यांची स्पर्धा! प्रत्येक मुलानं आपल्या अंगणात किल्ला करायचा. किल्ला मुलांनी करायचा, पालकांनी मदत करायची. सुट्टी संपायच्या आत आम्ही घरोघरी येऊन बघणार.

मंडळी, बाईंनी दोन वाक्यं सांगितली होती. 'मुलांनी करायचा' हे एक, आणि 'पालकांनी मदत करायची' हे दुसरं. गावातल्या बापांनी पहिलं ऐकलंच नाही! आपलं असंच असतं. प्रसाद मिळेल हे ऐकू येतं, कीर्तनानंतर मिळेल हे ऐकू येत नाही.

शरू धावत घरी आली, आणि रात्री बाप जेवायला बसताच सुरू झाली. "आबा, आबा! किल्ल्याची स्पर्धा आहे. आपण दोघं करायचा!"

सर्जेराव ताटावरून उठला. "किल्ला? आणि बांधकामात आपल्याला कोण हरवतंय? आपण दोघं! शब्द दिला!"

पोरीला रात्रभर आनंदानं झोप नाही. किल्ल्याचा आनंद होताच, पण त्याहून मोठा आनंद — आबा दिवसभर माझ्याजवळ असणार! दुसऱ्या दिवशी उठली ती थेट ओढ्यावर गेली. काळी माती आणली, दगडगोटे आणले, शेजारच्या आजीचं जुनं गोणपाट मागून आणलं. फ्रॉकला चिखल, गालाला चिखल, आणि हसू या कानापासून त्या कानापर्यंत.

सर्जेराव आला. माती चिमटीत धरली, चोळली, तोंड वाकडं केलं. "ही माती? हिच्यात दम नाही."

"आबा, किल्ला मातीचाच करतात."

"करणारे करतात! मिस्त्रीच्या दारात मातीचा किल्ला? लोक काय म्हणतील?"

झालं! लोक काय म्हणतील! या तीन शब्दांनी जेवढी घरं बिघडवली, तेवढी दारूनं नाही बिघडवली! सर्जेरावानं माती बाजूला लोटली. सिमेंट आणलं, चाळलेली वाळू आणली, गज आणले. गज हो! किल्ल्यात लोखंडी गज! उद्या मोगल तोफा घेऊन आला तरी बुरूज हलायचा नाही, अशी तयारी!

पहिल्या दिवशी शरूनं ओळंब्याची दोरी धरली. "सरळ धर गं, हलवू नको." दुसऱ्या दिवशी — "पाणी आण." पुढं — "आईला चहा ठेवायला सांग." आणि शेवटी काय? "लांब उभी राहा. सिमेंट डोळ्यात जाईल." बघा मंडळी, पोरगी किल्लेदार व्हायला निघाली होती, आणि आपल्याच गडाच्या बाहेर उभी राहिली!

थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं लोटलेली माती टोपलीत भरली, गोणपाट खांद्यावर टाकलं, आणि घरामागं निघून गेली. सर्जेरावानं वर बघितलंसुद्धा नाही. तटबंदीचा कोन जुळत नव्हता ना!

संध्याकाळी मंदा ओसरीवर आली. "अहो, पोरगी कुठंय?"

"असेल खेळत."

"किल्ला कुणाच्या शाळेतला आहे?"

"म्हंजे?"

"न्हाई, तुम्ही कितवीत आहात, ते इचारलं."

अहाहा! बायकोनं एका वाक्यात अख्खं कीर्तन सांगितलं! पण नवऱ्याला बायकोचं कीर्तन कधी ऐकू आलंय? तो म्हणाला, "तुला बांधकामातलं काय कळतं?" आणि बुरुजाला पाणी मारायला गेला.

किल्ला उभा राहिला. खरं सांगतो, देखणा झाला! कमान गोल, पायऱ्या एकसारख्या, दरवाजाला खिळे, तटाला बंदुका रोखायच्या जंग्या. रस्त्यानं जाणारे थांबायचे. "वा मिस्त्री, वा!" सर्जेरावाची छाती फुगायची. आता राहिलं काय? गडाला हिरवळ! किल्ल्यावर मोहरी पेरतात, ठाऊक आहे ना? पोरं मोहरी भुरभुरवतात, पाणी शिंपडतात, दोन-तीन दिवसांत बारीक बारीक कोंब येतात आणि डोंगर हिरवागार होतो. सर्जेरावानं मूठभर मोहरी पेरली. पाणी मारलं. वाट बघितली.

उगवेल का हो? बोला की! सिमेंटवर मोहरी उगवेल?

दाणे फुगले, उन्हात वाळले, आणि चिमण्या येऊन टिपून गेल्या! यानं परत पेरली. चिमण्या परत आल्या. त्यांनी नातेवाईकही बोलावले! दिवाळी त्यांचीच झाली! शेवटी सर्जेराव तणतणत दुकानात गेला. "बियाणं बोगस देतोस होय रे?" दुकानदार म्हणाला, "मिस्त्री, ती फोडणीची मोहरी आहे. आणि तुमच्या घरामागं त्याच पुड्यातली रानासारखी वाढलीय. काल सामान द्यायला आलो तेव्हा पाहिली."

कानात शिरलं का? नाही! रागात माणसाच्या कानाचं दार बंद असतं. सर्जेराव तिथून निघाला, हिरव्या ऑइलपेंटचा डबा घेतला, आणि गड रंगवून टाकला. झाली हिरवळ!

आता शेवटचं काम राहिलं. बाई यायच्या आदल्या दिवशी त्यानं शरूला समोर उभं केलं. "बाई इचारतील, किल्ला कुणी बांधला. काय सांगायचं?"

पोरगी घरामागं बघायला लागली.

"सांगायचं — मी बांधला, आबांनी फक्त मदत केली. म्हण बघू."

"मी... बांधला."

"मोठ्यानं!"

"मी बांधला. आबांनी फक्त मदत केली."

"शाब्बास!"

मंडळी, शाब्बास म्हणाला! पोरगी खरं बोलली की शाब्बास म्हणतात, असं आजवर ऐकलं होतं. इथं बापानं लेकीला खोटं पाठ करून घेतलं, आणि पाठीवर थाप मारली. त्याला वाटलं, मी हिला पहिला नंबर देतोय. पोरगी मात्र अडकली. कारण तिला बाई आवडायच्या, आणि आबाही आवडायचे. आता सांगा — खरं बोलावं तर आबा तोंडघशी पडतात, खोटं बोलावं तर बाईंच्या डोळ्यांत बघता येत नाही. नऊ-दहा वर्षांच्या जिवापुढं हा पेच कुणी टाकला? मायेनंच टाकला ना?

दिवस उजाडला. लोखंडे बाई आल्या, मागं पोरांची ही फौज! त्यामागं रिकामे बाप, आया, आजोबा — पंखा नसताना आले! सगळे किल्ल्याभोवती गोळा झाले. बाईंनी बुरुजावर बोट टेकवलं. ठक ठक आवाज आला. "मिस्त्री, ह्यात तर भाडेकरू ठेवता येईल हो!" सगळे हसले. सर्जेरावही हसला, त्याला ती तारीफच वाटली.

मग बाई वाकल्या, शरूच्या डोळ्यांत बघितलं. "शर्वरी, किल्ला कुणी बांधला?"

सर्जेरावाचे ओठ हलायला लागले. मी बांधला, मी बांधला... पोरीच्या आधी हाच पाठ म्हणतोय! शरूनं आबांकडं बघितलं. बाईंकडं बघितलं. आणि स्वच्छ आवाजात म्हणाली —

"माझ्या आबांनी. एकट्यांनी. बाई, अख्ख्या गावात असा ओळंब्यातला किल्ला कुणाचाच नाही!"

काय उत्तर दिलं बघा! खोटंही नाही, आणि बापाची मानही खाली नाही! उलट अभिमानानं सांगितलं. पण सर्जेरावाला ते भर सभेत लागायचं तिथं लागलं. तक्रार केली असती तर तो रागावला असता. तिनं कौतुक केलं, त्याला पळायला वाटच उरली नाही.

बाई म्हणाल्या, "मग तू काय केलंस?"

शरूनं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. "मी मागं केलाय एक. पण तो स्पर्धेतला नाही. आपला असाच."

"दाखव की!"

सगळी वरात घरामागं! तिथं धुण्याच्या दगडाजवळ, मोरीचं पाणी जातं तिथं, गोणपाटावर चिखल लिंपून एक किल्ला उभा होता. उभा म्हणायचा, पण एक बुरूज इकडं कललेला, एक तिकडं. पायऱ्या अशा, की मावळा चढला तर घसरूनच खाली यावा. पण हिरवळ! गच्च, बोटभर उंच, वाऱ्यावर डुलणारी मोहरी! तीच फोडणीची! आणि तटावर दोन मातीच्या बाहुल्या. एक लहान, हातात काडीची थापी घेतलेली. एक मोठी, डोक्यावर घमेलं.

बाई म्हणाल्या, "ही छोटी कोण?"

"मी. मिस्त्री."

"आणि हा घमेलंवाला?"

"ते आबा. मला चिखल आणून देतायत."

हशा पिकला! अहो, पंचक्रोशीचा मिस्त्री, लेकीच्या गडावर बिगारी! सर्जेरावही हसला. हसला, आणि हसता हसता थांबला. कारण त्याला आठवलं — ती म्हणाली होती, 'आपण दोघं.' यानं शब्द दिला होता, 'आपण दोघं.' यानं एकट्यानं बांधला. आणि तिनं एकटीनं बांधला तरी त्याला त्यात घेतलं. आपल्या किल्ल्यात लेकीला जागा नव्हती, तिच्या किल्ल्यात आपल्याला आहे! डोळे पुसायला त्यानं पागोट्याचं टोक शोधलं — पागोटं कुठलं, टोपी होती. तीच तोंडावर धरली.

तेवढ्यात तो कललेला बुरूज सुटायला लागला. सर्जेरावाचा हात सवयीनं पुढं गेला. आणि मंडळी, तो हात मधेच थांबला! आयुष्यात पहिल्यांदा पडती भिंत बघून मिस्त्रीनं हात मागं घेतला. पडला बुरूज. शरू म्हणाली, "पडू द्या आबा, मातीचा आहे. परत बांधता येतो."

सर्जेराव खाली बसला. बाह्या वर केल्या. रिकामं घमेलं पुढ्यात ओढलं, आणि अदबीनं विचारलं —

"मिस्त्री, चिखल कुठं टाकू?"

पोरीनं कमरेवर हात ठेवले. "आधी नीट मळा! खडे राहिलेत."

"व्हय मिस्त्री!"

मंदा दारात उभी होती. सकाळचा थंड झालेला चहा तिनं पुन्हा गरम करायला ठेवला, आणि या वेळी बशीत चकली ठेवून पहिल्यांदा मिस्त्रीला दिली — धाकट्या मिस्त्रीला.

आता तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं. पहिला नंबर कुणाचा आला? हो ना? अजून नंबरच! अहो, नंबर वायरमनच्या पोराचा आला. शरूचा किल्ला स्पर्धेत नव्हता, आणि आबांचा किल्ला चौथीत नव्हता! सिमेंटचा गड अजून अंगणात आहे. फोडायला गेले, फुटेना! बालेकिल्ल्यावर आता कोंबडी अंडी घालते. पण पुढच्या दिवाळीला शाळेच्या मैदानात सगळ्यांचा मिळून एक मोठा किल्ला झाला. पोरं मिस्त्री, बाप बिगारी. आणि पालकसभा? घमेली टेकवून तिथंच भरली. लोखंडे बाईंना खुर्च्या कमी पडल्या.

मंडळी, आता देवाकडं बघा. रणांगणात भक्ताचा रथ उभा राहिला, तेव्हा भगवंत कुठं बसला? पुढं बसला, घोडे हाकले, घाम पुसला, धीर दिला. ज्याच्या नुसत्या मनात आलं तर युद्ध संपलं असतं, त्यानं धनुष्याला हात लावला का? नाही! धनुष्य ज्याचं, त्याच्याच हातात ठेवलं. देवाला जे कळलं ते आपल्याला कळू नये? सामर्थ्य आहे म्हणून हात घालणं सोपं आहे हो. सामर्थ्य असून लगाम धरून बसणं, ती भक्ती! ती माया!

परवा तुमच्या गावच्या शाळेत स्नेहसंमेलन आहे ना? जा. सगळे जा. काम बुडवून जा. पोरगं नाचताना चुकलं तर खालून हातवारे करू नका! वाक्य विसरलं तर पहिल्या रांगेतून ओरडू नका! चुकू द्या. पडू द्या. तुम्ही समोर बसलेले दिसलात, एवढी ओल त्याला पुरते. माती तुम्ही ओली ठेवा, कोंब तो आणतो!

आणि आज घरी गेल्यावर, ती तुमच्या गळ्यात पडणारी, रडणारी, हट्ट करणारी बाळं झोपली नसतील, तर दप्तराशेजारी खाली बसा. हुकूम सोडू नका. एवढंच विचारा — मिस्त्री, चिखल कुठं टाकू?

उचला टाळ! आता मात्र सगळ्यांचे हात वर हवेत — पोराच्या वहीवर नाही, नामाच्या टाळीला! विठ्ठल... विठ्ठल... विठ्ठल...