धाकट्या धन्याचा मोतद्दार

नाही, बसत नाही. बसलं की माणसाला विनवण्या कराव्या लागतात, आणि मी विनवण्या करायला आलेली नाही, कप्तानसाहेब. माझं माणूस मागायला आले आहे. — बरं, तुम्हीही उभेच राहणार असाल तर बसते. बाई उभी असताना बसू नये, हे तुम्हां रशियन लोकांनाही शिकवतात, बरं वाटलं. — तर काय सांगत होते? हां, हुकूम. हुकूम तुमचाच, या मठाच्या दारावर डकवलेला आहे, मी येताना वाचला: स्लोनिम गावात पकडलेले खानदानी भालाईत पायी रशियात आत, दूर नेले जातील, त्यांचे मोतद्दार, आचारी, नोकरचाकर मात्र, ज्यांच्या मालकांनी जातीनं येऊन ओळख पटवली त्यांच्या हवाली होतील. मी मालकीण. मी जातीनं आले आहे. तुमच्या धान्यकोठीत माझे दोघं आहेत — निळ्या बनातीचा, किरमिजी छातीचा गणवेश घातलेला तो माझा मुलगा कायेतान, आणि मेंढीच्या कातड्याचा डगला घातलेला तो त्याचा मोतद्दार यानुक. मुलगा तुमचा, कायदा आहे, मी कायद्याशी भांडत नाही. मोतद्दार माझा. यात न समजण्यासारखं काय आहे?

रडत नाही म्हणता? आम्ही परक्यासमोर रडत नाही. — आणि काय म्हणून रडावं? मान म्हणूनच गेला होता तो. फ्रेंचांच्या बादशहाच्या खास पहाऱ्यातला रिसाला, कप्तानसाहेब. त्यात साधा शिपाई व्हायचं तरी घराण्याचं कुलचिन्ह दाखवावं लागे. घोडा आपला, भाला आपला, गणवेश आपल्या शिंप्याकडून. आमच्या पंचक्रोशीत ज्या घराला नुसतं छप्पर उरलं होतं त्या घरातलाही पोरगा त्यात गेला, शेवटची गाय विकून गेला. सगळे सरदार, शिपाई कोणीच नाही — माझे दीर म्हणायचे, अशा पलटणीत घोड्याची लीद कोण काढणार? म्हणून तर प्रत्येकाबरोबर एकेक मोतद्दार. तुम्ही हसलात. हसा, माझे दीरही हसायचे. मीही हसले असते, पण मुलगा शिवण पुरी होण्याआधीच तो कोट अंगावर चढवून आरशासमोर उभा राहिला, आणि — असो.

बाही? बाही आखूड आहे खरी. मी पाहिलं. शिंपी घाईत होता, सगळा जिल्हा एकाच वेळी त्याच्या दारात, काय करील बिचारा? आणि एकोणिसाव्या वर्षी मुलं वाढतात. — हो, आरशासमोर अंगावर चढवला होता, हे मीच म्हटलं. उन्हाळ्यात बसत होता. आता शरद संपत आला. चार महिन्यांत वाढतात मुलं. तुम्हांला मुलं नाहीत वाटतं.

मोतद्दाराचे हात पांढरे आहेत. — हे तुमच्या हवालदारानं सांगितलं का? चांगली नजर आहे त्याची. आमच्या घरी, कप्तानसाहेब, मोतद्दारही हातमोजे घालतो. हा माझा नियम आहे. जी माणसं माझ्या मुलाच्या ताटाला, कपड्याला हात लावतात ती स्वच्छ असलीच पाहिजेत. लहानपणापासून मी ते कटाक्षानं पाहिलं आहे. आणि यानुक नाजूकच आहे प्रकृतीनं, त्याची छाती धरते. थंडी पडली की रोज हंसाची चरबी चोळायची, वर लोकरीचा पट्टा, आणि दूध मधाशिवाय पीत नाही तो. वाडगा तसाच परत येतो, पाठ करून झोपतो आणि उशीत तोंड — मोतद्दारच, हो. मोतद्दाराबद्दलच बोलते आहे मी. माझ्या घरी सगळ्यांची चौकशी होते. इतकं तुम्ही का टवकारून बघता?

काल? काल मी आले होते, जेवण घेऊन. तुमच्या पहारेकऱ्यानं परवानगी दिली, त्याला मी हंसाची तंगडी दिली, त्यात लपवण्यासारखं काही नाही. कोठीत अंधार होता, दोघं एका कोपऱ्यात बसले होते. जेवणाशिवाय आणखी काही झालं नाही. एका शब्दानं काम होतं आमच्याकडे, भांडावं लागत नाही. मी म्हटलं आणि यानुकनं — जेवून घेतलं. दोघांनी जेवून घेतलं.

तो यानुक, तुम्हांला सांगते, पळून गेला असता. तुमचे कोसॅक स्वार गावात घुसले तेव्हा तो वेशीपलीकडे घोड्यांना पाणी पाजायला गेला होता. तिथून रान एका ढांगेवर. पण माझा कायेतान चौकात घोड्यापाशी उभा राहून त्याला हाका मारत होता. खोगिराचा पट्टा आवळायचा होता ना. त्याला तो आवळता येत नाही. म्हणजे शिकला असता, कोणी शिकवलाच नाही. आमच्याकडे धन्यानं पट्टा आवळला तर मोतद्दाराचा अपमान होतो. गोळ्या सुटत होत्या आणि हा एक हात खोगिरावर ठेवून ‘यानुक, यानुक’ म्हणून उभा. आणि तो आला. परत आला, खाली वाकला, पट्टा आवळला, आणि दोघंही तिथेच सापडले. — हे मला त्यानंच सांगितलं, काल. कोणी म्हणजे? त्या दोघांपैकी एकानं.

खिडकीबाहेर गाडीजवळ उभी आहे ती? ती तेकला. यानुकची आई. माझ्या मुलाची दाई — तो पोटचा आणि हा माझा, दोघं एकदमच तिच्या अंगावर प्यायले. तिला मी म्हटलं, चल, तुझ्या मुलाला आणायला जाऊ. — तसंच म्हटलं. त्यात खोटं काय आहे? बोलवायचं तिला? कशासाठी, चिखलाचे पाय घेऊन — बरं, बोलवा. त्या दोघांनाही आणता? आणा. मला हरकत असण्याचं कारण नाही. गाडीत बसण्याआधीच मी तिला बजावून ठेवलं आहे की कातड्याचा डगला दिसेल त्याला मिठी मारायची, दुसऱ्याकडे बघायचंही — म्हणजे, खानदानी माणसाकडे टक लावून बघू नये एवढंच. रीतच आहे ती.

ये, तेकला, दाराशीच थांब.

पाहिलंत? धावली बघा. डगल्याला कशी बिलगली, कशी रडते आहे. याहून आणखी कुठली ओळख हवी? आई ती आई. — मी? मी काय करू? हो, आमच्याकडे मुलगा दूर निघाला की आई त्याच्या कपाळावर बोटानं क्रूस काढते, बरोबर. काढते ना. ही काय मी उठले. यानुक — कायेतान, इकडे ये बाळ, पुढे ये —

टोपी का काढलीस? घाल. घाल ती टोपी. गुडघ्यापर्यंत वाकायला कोणी सांगितलं तुला, आईसमोर कोणी असं — सरळ उभा राहा. कप्तानसाहेब, मुलगा दमला आहे, कोठीतल्या थंडीनं बधिर झाला आहे. आणि तू, तू तिकडे टोपी घालून काय उभा आहेस, मालकिणीसमोर? काढ. — काढ ना रे. जन्मात एकदा तरी माझ्यासमोर टोपी काढ. वाक, थोडासाच वाक, बाळा, हसतोस काय, हा खेळ नाही —

नाही. बोलू नका. मला कळलं.

तुम्ही सभ्य गृहस्थ आहात, आवाज चढवला नाहीत. तुमचं फ्रेंच माझ्यापेक्षा चांगलं आहे, हे मघापासून सांगायचं राहून गेलं. — डगल्यातला तो माझा, तो रशियात जाणार, त्याला कोणी थांबवू शकत नाही, तुम्हीसुद्धा नाही, हवालदारानं पाहिलं आहे, पहाऱ्यावरच्यांनी पाहिलं आहे. समजलं. गुडघे टेकले असते तरी नाही? नाही. विचारून ठेवलं, इतकंच.

आणि दुसरा? — हां. ओळख मालकानं पटवायची, तसा हुकूम. मी एवढंच म्हणायचं की हा कोट घातलेला यानुक, माझा मोतद्दार, आणि तो आत्ता आईबरोबर गाडीत बसून घरी जाईल. आणि न म्हटलं तर? तर जो गणवेश अंगावर आहे त्यातच तोही निघेल. एका शब्दाचं काम आहे. खरंच की.

पायी जायचं ना, सगळा हिवाळा? बुटात पायाला फडकं गुंडाळावं लागतं, चुणी न पडता. चुणी पडली की फोड येतो, फोड चिघळला की माणूस रस्त्यातच बसतो. कायेतानला ते येत नाही. शेकोटी येत नाही, मागून खाणं येत नाही, लोकांत कुठे गप्प बसावं ते येत नाही. मधाशिवाय — तुम्ही ऐकलंत मघा. यानुकला सगळं येतं. आणि तो सोडून जायचा नाही. एका हाकेला परत आलेला माणूस आहे तो.

नाही, तेकलाला फ्रेंच कळत नाही. तुमची भाषा अर्धीमुर्धी समजते. म्हणून हात जोडते, हे पाहा, आयुष्यात पहिल्यांदा जोडते आहे — तिच्याशी तुम्ही काही बोलू नका. खिडकीकडे वळलात. उपकार झाले.

मला आणखी काही सांगायचं नाही, कप्तानसाहेब. कुणाचीही ओळख पटवायची नाही.

काय गं? काय म्हणाले विचारतेस? साहेब म्हणतात, दोघांनाही जावं लागेल. पुष्कळ सांगून पाहिलं मी, तू बघतच होतीस. नाही ऐकत. — हे काय, ऊठ, माझे आभार कसले मानतेस. हात सोड, तेकला. हात सोड माझा.