खांद्यावरचा डाग

औषधांच्या दुकानात माझ्यापुढे एक नवराबायको उभे होते.

"बेन्झॉइल पेरॉक्साइडची एक ट्यूब द्या. लेकीला हॉस्टेलवर पाठवायचीय. आणि अहो, हा शर्ट आता टाका बरं. खांद्यावर केवढा पांढरा डाग."

"धुऊन जाईल."

"कसला जातोय. मुरमांचं मलम ते, कापडाचा रंगच उडवतं. निघताना गळ्यात पडली ना तुमच्या?"

"असेल."

"म्हणून रोज हाच घालता होय?"

"अंगाला छान बसतो."

"जवळ मीही घेतलं होतं तिला. माझ्या निळ्या ड्रेसवर साधा ठिपका नाही."

"तू तिला म्हणालीस, आधी तोंड धुऊन ये."

दुकानदाराने ट्यूब काउंटरवर ठेवली.

"ताई, एकच ट्यूब ना?"

"दोन द्या. आणि अहो, सुट्टीत ती येईल तेव्हा मी तो निळा ड्रेसच घालणार आहे."