रविवारचे सर

(मीरा रोड, शांती नगर. १९९४चा फेब्रुवारी. शनिवारी दुपारी, जेवणं झाल्यावर. बाबा, आई आणि दहावीतली संपदा.)

संपदा : बाबा, मंगळवारी अंधेरीच्या त्या औषधांच्या कंपनीत तुम्ही इंटरव्ह्यू घ्यायला गेला होतात की द्यायला?

बाबा : हे कोणी विचारायला सांगितलं?

संपदा : मैत्रिणींनी. म्हणजे सांगितलं नाही, पैज लावली. रुचिता म्हणाली, हिंमत असेल तर विचारून दाखव. मी म्हटलं, हात्तिच्या, माझे बाबा दर रविवारी हॉलमध्ये टेबल टाकून अख्ख्या सेक्टरच्या कॉलेजच्या मुलांना इंटरव्ह्यूची प्रॅक्टिस देतात, ते पण फुकट, आमच्या घरात प्रश्नाला कोण घाबरतं?

आई : संपदा, आधी ती ताटं उचल.

संपदा : उचलते गं. उत्तर तर येऊ दे.

बाबा : रुचिताला काय माहीत यातलं?

संपदा : नीरजदादा घरी बोलला. तिचा भाऊ हो, तुमचा लाडका. तो तिकडे पोचला तर बाहेर खुर्च्यांच्या रांगेत तुम्ही. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाईल. त्याला वाटलं, सर मुलाखती घ्यायला आलेत, जरा वारा खायला बाहेर बसलेत. तुम्हीच तर सांगता, ऑफिसात तुम्ही मुलाखतींना बसायचात.

बाबा : बसायचो. साहेबांच्या शेजारी. फायली पुढे करायला.

संपदा : मग शिपायाने त्याला फॉर्म दिला आणि तुम्हाला पण दिला.

बाबा : फॉर्म सगळ्यांनाच देत होते.

संपदा : सगळ्यांना म्हणजे कोणाला? बाबा, प्रश्न जेवढा, उत्तर तेवढंच. तुमचंच वाक्य आहे.

आई : अहो, सांगून टाका. नाहीतर ही बिल्डिंगभर विचारत फिरेल.

संपदा : म्हणजे तुला माहितीये.

आई : दिवाळीपासून माहितीये. यांची कंपनी सिल्वासाला हलली. यायचं तर या, नाहीतर राजीनाम्यावर सही करा. यांनी सही केली. तुझी शाळा इथे, घर इथे, जाणार कुठे?

संपदा : दिवाळीपासून? आणि रोज सकाळी डबा भरतेस तो?

आई : डबा भरते कारण माणूस दिवसभर बाहेर असतो. भूक लागते.

बाबा : हिंडत नाही मी कुठे. वाचनालयात जातो, पेपरातल्या जाहिराती उतरवतो. मग टायपिंगवाल्याकडे. मग अर्ज द्यायला.

संपदा : आणि मला कधी सांगणार होतात?

आई : मार्चमध्ये बोर्ड आहे तुझं.

संपदा : प्रिलिमला पंच्याहत्तर टक्के आहेत मला. बाबांची नोकरी गेली म्हणून भूमिती विसरणार होते का? बरं, जाऊ दे. द्यायला गेला होतात, चांगलं केलंत. काय विचारलं त्यांनी? नीरजदादाला तर काल लेटर पण आलं.

बाबा : मला काही विचारलं नाही.

संपदा : असं कसं? काहीतरी विचारतातच. स्वतःबद्दल सांगा, हे तर विचारतातच.

बाबा : मी आत गेलोच नाही.

आई : मला तर म्हणालात, जागा भरली.

बाबा : भरलीच की. नंतर.

संपदा : नीट सांगा ना बाबा.

बाबा : नावं पुकारणारा माणूस आला. त्याने हातातली यादी बघितली, मग माझ्याकडे बघितलं, मग शेजारी नीरजकडे. म्हणाला, "अंकल, पेरंट्स लोग नीचे बैठने का. लडका अकेला अंदर जाएगा."

संपदा : मग तुम्ही काय म्हणालात?

बाबा : ठीक है म्हणालो.

आई : देवा.

बाबा : जिना उतरून खाली आलो. गेटपाशी थांबलो. नीरज अर्ध्या तासाने बाहेर आला, म्हणाला, सर, तुम्ही पण अर्ज केला होतात का? मी म्हटलं, छे रे, तुझ्यासाठी आलो होतो. त्याने मान हलवली. पटलं नव्हतं त्याला, पण हलवली.

संपदा : एवढंच म्हणायचं होतं, मी कॅंडिडेट आहे. बावीस वर्षांचा अनुभव मांडीवर घेऊन बसला होतात. आणि मला? चौथीपर्यंत पाहुणे आले की मी आईच्या मागे लपायचे. तुम्ही दहा-दहा वेळा दारातून आत यायला लावलंत, नाव मोठ्याने सांग, पुटपुटलीस तर परत बाहेर. म्हणून यंदा वक्तृत्वात कप आला मला.

बाबा : तो माणूस चुकला नव्हता गं. रांगेत सगळी विशी-बाविशीची पोरं. त्यांच्यात मी पालकच दिसत होतो. जाहिरातीत खाली लिहिलं होतं, वय तीसच्या आत.

संपदा : मग गेलात कशाला?

बाबा : त्या आठवड्यात दुसरी जाहिरातच नव्हती. आणि जागा एकच होती. मी कॅंडिडेट म्हणून उठलो असतो तर नीरजचा धीर सुटला असता. ज्याला आपण शिकवलं त्याच्याच आड कसं यायचं?

संपदा : हे तुम्ही आत्ता बनवलंत.

बाबा : हो.

आई : बरं, पुरे आता दोघांचं. संपदा, ऐक. संध्याकाळी खाली गेलीस की रुचिताला सांग, बाबा नीरजला धीर द्यायला गेले होते. संपलं.

संपदा : नीरजदादाला खरं कळलंय, आई.

आई : तो आणखी काही नाही बोलणार. शिकवलंय त्याला यांनी, कालच नोकरी मिळालीय, तो कशाला बोलेल? पण उद्या पाण्याचा टँकर आला की बादल्या घेऊन सगळ्या बायका खाली असतील, तिथे हा विषय निघायला नको. उद्याच नऊ मुलं यायचीत दहा वाजता. स्वतःला नोकरी नाही त्याच्याकडे मुलाखत शिकायला कोण येईल? त्या ऑफिसात बावीस वर्षांत यांना कोणी सर म्हटलं नाही. इथे म्हणतात.

बाबा : मनोरमा.

आई : खोटं आहे का?

संपदा : मुलांना कोण सांगतं, बायोडेटात एक गोष्ट खोटी लिहिली की पुढच्या प्रत्येक प्रश्नाला ती सांभाळत बसावं लागतं?

बाबा : मी सांगतो.

संपदा : उद्या पण सांगणार?

बाबा : सांगावं लागेल. उद्या बायोडेटाच घ्यायचा आहे.

संपदा : आणि मी रुचिताला काय सांगू? आईचं राहू दे. तुम्ही सांगा.

बाबा : मी तुला खोटं बोल असं म्हणणार नाही.

संपदा : आई म्हणतेय. तुम्ही तिला अडवत पण नाही आहात.

बाबा : नाही.

संपदा : नाही म्हणजे?

बाबा : नाही अडवत.

आई : मुलगी मोठी झालीय, तिला कळतं. कळतं ना गं?

संपदा : कळतं. संध्याकाळी सांगते रुचिताला. धीर द्यायला गेले होते. अडखळणार नाही, काळजी करू नका. तिला शंकासुद्धा येणार नाही.

आई : शहाणी माझी.

बाबा : संपदा, उद्या जरा लवकर उठ. टेबल हलवायला मदत लागेल.

संपदा : टेबल मी आत्ताच हलवून ठेवते. आणि आई, बाबा, मी एक ठरवलंय. उद्यापासून रविवारी सकाळी मी भाईंदरला आनंदीआत्याकडे अभ्यासाला जाणार. मुलं गेली की येईन.