जीपच्या चार पट्ट्या

...नाही, हसा तुम्ही, हसा! तुमचं काय जातंय? तुम्हाला भर दुकानात, दहा गिऱ्हाइकांदेखत कुणी विचारलं नाही ना, "साहेब, मॅट की ग्लॉसी?" मला विचारलं! आणि मी, तुम्हाला सांगतो, चपला घेताना काळ्या की चॉकलेटी ठरवायला घरी जाऊन परत येणारा माणूस, मी काय सांगणार, कपाळ? चार पट्ट्या घ्यायच्या होत्या हो... चार! जीपच्या चाकावर ती काळी कमान असते बघा, भुवईसारखी, चिखल उडू नये म्हणून लावलेली, ती. तिला फेंडर फ्लेअर म्हणतात हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. आमच्या घरी तिला पट्टीच म्हणायचे. म्हणजे बाबा म्हणायचे. आणि बाबा आता नाहीत.

म्हणजे... नाहीत असं मी म्हणतो. आईचं मत वेगळं आहे. थांबा, सांगतो.

बाबा जमिनीची मोजणी करायचे. डोंगर, ओढे, माळ, जीप घालायची आणि मोजत सुटायचं. जन्मभर दुसऱ्यांच्या हद्दी इंचाइंचानं मोजल्या, आणि स्वतःच्या जीपच्या डाव्या पुढच्या पट्टीला भोक पाडलं ते अंदाजानं! बोटभर चुकलं. मग त्या फटीत चपलेचं रबर कोंबलं, वरून तार आवळली आणि म्हणाले, "आता हलणार नाही." दुसऱ्या दिवशी हलली. पुढची एकवीस वर्षं हलली! खड खड खड खड... कोपऱ्यावरून गाडी वळली की अख्ख्या गल्लीला कळायचं, मोजणीसाहेब आले. आई आतून ओरडायची, "अहो, बसवा ती पट्टी एकदाची!" आणि बाबा बूट धुताधुता, "बसवतो गं, या रविवारी." कुठला रविवार ते मात्र कधी सांगितलं नाही.

मागच्या वर्षी ते गेले. दुपारी, खुर्चीत बसल्याबसल्या, कुणाला त्रास न देता. गाडी माझ्याकडे आली. मी सायकलवाला माणूस, पण उभी राहून गंजेल म्हणून ऑफिसला न्यायला लागलो. पहिल्या संध्याकाळी कोपऱ्यावरून वळलो, खड खड खड खड... आणि बघतो तर फाटक उघडं! दाराशी पाण्याची बादली, बूट धुवायला. बादलीवर बाबांचा जुना टॉवेल. आणि आई पायरीवर उभी. मी खाली उतरलो, तिनं मला बघितलं, आणि तिचा चेहरा जो उतरला... तो मला अजून डोळे मिटले की दिसतो. "तू होय," म्हणाली. आणि बादली उचलून झाडाला ओतली.

बरं, एकदा झालं, समजू शकतो. पण रोज हो! रोज खडखड, रोज बादली, रोज तो चेहरा, रोज "तू होय". आपल्याच घरी आल्यावर रोज "तू होय" ऐकायचं म्हणजे माणसानं करायचं काय? मी गाडी कोपऱ्यावर ठेवून चालत यायला लागलो, तर ती म्हणे, "गाडी कुठंय? अजून आली नाही?" शेवटी बायको म्हणाली, "सरळ तो आवाज बंद करा. आवाज नाही तर त्या उठायच्या नाहीत. सगळ्या पट्ट्या नव्या टाका, किती वेळ लागतोय?" किती वेळ! चार पट्ट्या हो, चार! तीन आठवडे लागले!

दुकानदार म्हणजे... आता कसं सांगू, मुलीला स्थळ दाखवावं तशी पट्टी दाखवायचा. "ही बघा साहेब, रुंद. ही बोल्ट दिसणारी, मर्दानी. ही बोल्ट लपलेली, सोज्वळ. टायर बाहेर येतात का?" म्हटलं, टायर कशाला बाहेर येतील, गाडीलाच असतात. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मीच सायकलनं परत जावं. "गाडी जंगलात नेता?" म्हटलं, ऑफिसात नेतो. "मग रुबाब पाहिजे! ग्लॉसी घ्या!" मी ग्लॉसी उचलली, वाकवून बघितली, आणि... तुम्हाला खोटं वाटेल... अगदी कानाशी आवाज आला, "ही नको रे. पातळ आहे."

मी मागं वळलो. मागं कोणी नव्हतं. भिंतीवर गाडीचे आरसे टांगलेले होते, पन्नासएक तरी असतील, आणि प्रत्येकात मीच. पण मी कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून उभा होतो. मी असा कधी उभा राहत नाही हो! बाबा राहायचे. दुकानदार विचारतोय, "साहेब, मॅट की ग्लॉसी?" आणि मी म्हणालो, "ही नको. पातळ आहे." दुकानदार एकदम सरळ उभा राहिला, म्हणाला, "साहेबांना कळतं!" काय कळतं? मला कपाळ कळत नव्हतं!

बरं, जाड, मॅट, सोज्वळ अशा घेतल्या आणि मेकॅनिककडे गेलो. मागच्या दोन झक्क बसल्या. पुढच्या बसेनात! मेकॅनिक गाडीखालून बाहेर आला आणि डॉक्टरच्या आवाजात म्हणाला, "तुमच्या गाडीचा मागचा भाग एका सालचा आणि पुढचा दुसऱ्याच सालचा आहे. हे कुणी केलं?" कुणी म्हणजे? मला आठवलं! एकदा बाबांनी गाडी हद्दीच्या दगडावर घातली होती, आणि दगड कुणी रोवला होता? यांनीच! आदल्याच दिवशी! समोरचा पत्रा गेला, तो त्यांनी भंगारातून दुसऱ्या गाडीचा काढून बसवला आणि घरी येऊन म्हणाले, "तसाच आहे." एकवीस वर्षं आम्ही सगळे त्याला तसाच समजत होतो. म्हणजे परत दुकान, परत ते आरसे, परत "मर्दानी की सोज्वळ". आरशांकडे मी बघितलंच नाही. हात खिशात घालून उभा राहिलो, दोन्ही, घट्ट.

शेवटी बसल्या. चारही. मेकॅनिकनं डावी पुढची धरून हलवली, गाडी हलली पण पट्टी हलली नाही. मी कोपऱ्यावरून वळलो... काही नाही. एवढी शांत गाडी मी जन्मात चालवली नव्हती, शेजारच्या सीटवर कोणी श्वास घेतला असता तर ऐकू आलं असतं, म्हणून मी आपली काच खाली केली. फाटक बंद! बादली नाही! मी फाटक स्वतः उघडलं, आनंदानं. आई आत शेंगा सोलत होती, दचकलीच. "अगं बाई! कधी आलास? गाडीचा आवाज कसा नाही?"

म्हटलं, पट्ट्या बसवल्या. ती तशीच उठून बाहेर आली. डाव्या पुढच्या पट्टीवरून हात फिरवला, हलवून बघितली, आणि मग काचेतून आत बघून, स्टिअरिंगमागच्या रिकाम्या सीटकडे बघून म्हणाली, "बसवलीत ना शेवटी? किती वर्षं कानीकपाळी ओरडत होते!" आणि हसली हो. वर्षभरानं पहिल्यांदा हसली. मी म्हटलं, "आई, मी बसवली." तर म्हणते, "हो रे, गाडी नेली तूच असशील. पण मनावर त्यांनी घेतलं." तीन आठवडे वणवण कुणाची? माझी! चार पट्ट्यांपायी दुकानात हसं कुणाचं झालं? माझं! आणि श्रेय कुणाला, तर जो माणूस नाहीच त्याला! पण ती हसली होती, म्हणून मी आत जाऊन उरलेल्या शेंगा सोलायला बसलो.

बायको म्हणाली, "चला, सुटलो."

कसले सुटतोय! दुसऱ्या दिवशी बघतो, आई फाटकाशी. तासाभरानं परत फाटकाशी. दाराशी बादली, सकाळपासून भरलेली. म्हटलं, "आई, आता कशाला उठतेस? आवाज तर बंद झाला." माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच खुळा. "म्हणून तर! आता आवाज येत नाही, मग ते आलेले कळायचं कसं? आपणच अधूनमधून बघायला नको का?" म्हणजे आधी दिवसातून एकदा उठायची... आता दिवसभर! बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी बायकोकडे.

आणि काल, तुम्हाला सांगतो, सुट्टी होती, मी निवांत नखं कापत बसलो होतो. घर एकदम गप्प झालं. कुठं काही वाजेना. आणि मी उठलो. सरळ फाटकापर्यंत गेलो, कोपऱ्याकडे बघत उभा राहिलो. मागून आईचा आवाज आला, "आले का रे?" आणि मी, शिकलासवरलेला माणूस, म्हणालो, "अजून नाही." जीप माझ्या शेजारीच उभी होती हो... आणि चावी माझ्या खिशात!