रोह्याच्या मैदानावर दोघं पडले होते

प्राचार्य साहेब, विलासचे बाबा काशिनाथदादा, जोहे आणि जिते गावांहून आलेली मंडळी, आणि माझ्या पोरांनो,

माईकसमोर बोलायची मला सवय नाय. मैदानाच्या कडेला उभं राहून ओरडायची सवय. आज माईकचा दांडा धरूनच उभा हाय. दुःखानं म्हटलं तर तुम्ही मानाल, पण ते अर्धंच खरं. मी घाबरलोय. आपला विलास गेला. त्या दिवशी त्याच्यासोबत जो दुसरा पडला होता, तो आत्ता या हॉलमध्ये बसलाय. त्याच्यासाठी मी घाबरलोय.

मला न ओळखणाऱ्यांना सांगतो. मी कॉलेजच्या लॅबमध्ये कामाला. नव्वद सालापासून संध्याकाळी कबड्डीची टीम बघतो. यंदा पोरांनी मन भरून टाकलं. पेणला जिंकलो, अलिबागला जिंकलो, नागोठण्याला शेवटच्या चढाईत एका गुणानं जिंकलो. विलास डावा कोपरा, शेजारी जित्याचा नरेश. दोघं हात धरून चढाईवाल्याला घेरायचे, साखळी म्हणतात त्याला. विलासचं घर गणपतीच्या कारखान्याचं, मूर्तीचे डोळे तोच रंगवायचा. मी चिडवायचो, "तिकडं देव घडवतोस आणि इकडं माणसं मोडतोस काय रे?" नुसता हसायचा.

आमच्या टीमचा एक नियम होता. माझाच. पडलेल्याला कुणी हात द्यायचा नाय. ज्यानं त्यानं आपलं आपण उठायचं, कपाळाला मैदानाची माती लावायची आणि जागेवर जायचं. बाहेरगावचे लोक त्याला टाळ्या द्यायचे. मला मोठा तोरा होता त्याचा.

रोह्याला सेमीफायनल. विलास-नरेशची साखळी आवळली, चढाईवाला खालून निसटला आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. आवाज मला कडेला ऐकू आला. दोघं पडले. दोघं उठले. माती लावली. टाळ्या पडल्या, मीपण वाजवल्या. पंच धावत आले, म्हणाले, "डॉक्टरला बोलवू?" मी म्हटलं, "कशाला? आमची पोरं तशी नायत." हे माझे शब्द. दादा, तुमच्यासमोर सांगतो, माझेच.

आम्ही जिंकलो. परतीच्या एसटीत विलास ओकला. आम्ही म्हटलं, ऊन लागलं, वर उसाचा रस प्याला. चौथ्या दिवशी सकाळी कारखान्यात काम करता करता खाली बसला, तो उठलाच नाय. डोक्यात रक्त साकळलं होतं, असं डॉक्टर बोलले.

आता ऐका. डोकी दोन होती. दुसऱ्याचं आपल्यापैकी कुणी विचारलं? मला ठाऊक होतं, आणि मी गप्प होतो. विलास गेल्यावर नरेशनं मला शपथ घातली होती. "सर, जरा दुखतं, पण आईला सांगू नका. रविवारी फायनल हाय. विल्यासाठी जिंकायचीच हाय." मी हो म्हटलं. अक्कल गहाण ठेवून हो म्हटलं.

आज सकाळी तो मला स्टँडवर भेटला. म्हणाला, "सर, विल्या आला काय?"

मी त्याला बाकावर बसवलं. विल्या गेला, याची आठवण करून दिली. तोंड पांढरं पडलं त्याचं. तिथूनच त्याला न्यायला हवा होता. "सभेला बसतो, मग बघू," म्हणाला, आणि मला त्याला ओढायचा धीर झाला नाय. मघाशी हॉलच्या दारात त्यानं पुन्हा तेच विचारलं. "विल्या आला काय?" तेव्हा मी जीप बोलावली.

नरेश, रागाव माझ्यावर. शपथ मोडली मी. फायनल आपण खेळत नाय, प्राचार्य साहेबांना सांगून झालंय. तुझी आई मिठागरावर गेलेय, तिला निरोप धाडलाय. जीप मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात जाणार. नाय म्हणून मान हलवू नको रे बाबा. तुला समजवायला माझ्याकडं शब्द नायत. भीती हाय नुसती. तुझ्यासाठी असं दुसऱ्यांदा या माईकसमोर उभं राहायची भीती हाय.

दादा, तुम्ही कशाला उठलात? बसा. आम्ही नेतो त्याला.

बरं. जरा वाट द्या, मंडळी. दादांना जाऊ द्या.

नरेश, विलासचे बाबा तुझ्यासमोर उभे हायत. तुझ्याबरोबर जीपमध्ये बसतो म्हणतायत. आता त्यांना नाय म्हणून दाखव.

चला. सावकाश. पायरी बघून.

सगळे उभे राहा. आज श्रद्धांजलीची दोन मिनिटं घड्याळावर मोजायची नायत. जीपचा आवाज ऐकू येतोय तोवर कुणी बोलू नका.